सोनोग्राफीत 'दोन फुगे' दिसल्यानंतर

'गर्भाचं जठर मोठं दिसतं' एवढी एक ओळ रिपोर्टात असते आणि तिच्यावर घरातली झोप उडते. नवजात बाळांच्या शस्त्रक्रिया विभागात असा रिपोर्ट हातात आला की आम्ही आधी एकच गोष्ट शोधतो: फुगा एक आहे की दोन? पुढचं सगळं त्यावर ठरतं.

पोटातलं बाळ भोवतालचं पाणी गिळत असतं. शेवटच्या महिन्यांत हे गिळणं दिवसाला अर्ध्या लिटरच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त असतं. जठर भरतं, रिकामं होतं, पुन्हा भरतं. नेमकं भरलेलं असताना प्रोब टेकवला तर ते मोठं दिसणारच. म्हणून जाणता सोनोलॉजिस्ट आईला अर्धा-पाऊण तास बाहेर फिरायला लावतो आणि परत बघतो. तेवढ्यात जठर लहान झालं तर विषय बराचसा मिटतो. नाही झालं, पण दुसरा फुगा नाही, पाणी प्रमाणात आहे आणि बाकी अवयव ठीक आहेत, तर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी करायची. नुसतं जठर मोठं आणि बाकी काहीच नाही, अशी बहुतेक बाळं जन्मल्यावर ठणठणीत असतात. त्यांच्यासाठी आम्ही वेगळं फारसं काही करत नाही. नीट तपासतो, पहिली काही दुधं पचतात का आणि शी होते का ते बघतो. मिलिमीटरचे तक्ते आहेत, पण निव्वळ मापावर कोणी निदान करत नाही.

दुसरा फुगा दिसला की मात्र गाडी वेगळ्या रस्त्याला लागते. जठर हा पहिला फुगा, आणि जठराच्या लगेच पुढचं लहान आतडं, म्हणजे ड्युओडेनम, फुगलं की तो दुसरा. दोघांच्या मधली अरुंद जागा म्हणजे पायलोरस. एकाच आडव्या छेदात दोन्ही फुगे दिसले पाहिजेत आणि ते एकमेकांत उघडताना दिसले पाहिजेत. हा जोड दिसल्याशिवाय 'डबल बबल' म्हणायचं नाही. तिरका छेद घेतला तर जठर स्वतःच मधे दुमडलेलं दिसतं आणि एकाचे दोन भासतात. पित्तनलिकेची गाठ किंवा आतड्याला चिकटलेली पाण्याची गाठही तिथेच असू शकते, पण ती जठराला जोडलेली नसते. तीन फुगे दिसले तर अडथळा आणखी खाली, जेजुनममध्ये (ड्युओडेनमच्या पुढच्या लहान आतड्यात) असण्याची शक्यता वाढते. एकच खूप मोठा फुगा, पाणी भरपूर आणि तो कधी रिकामाच होत नाही, असं असेल तर पायलोरसच बंद असू शकतो. ते फार दुर्मीळ आहे, आणि त्यातल्या काही बाळांना त्वचेवर फोड येणारा एक गंभीर आनुवंशिक आजारही असतो. म्हणून त्या बाळाला आम्ही चिकटपट्टीसुद्धा जपून लावतो.

आई-वडिलांचा राग बहुतेक वेळा पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीवर निघतो. "तेव्हा सगळं नॉर्मल लिहिलंय, मग आता आठव्या महिन्यात हे कुठून आलं?" १८ ते २० आठवड्यांना बाळ इतकं थोडं पाणी गिळतं की बंद आतड्यावर फारसा ताण येत नाही. दुसरा फुगा बहुधा २४ आठवड्यांनंतर ठळक होतो. त्यामुळे आधीचा रिपोर्ट नॉर्मल असणं ही निष्काळजी असेलच असं नाही. बऱ्याचदा पहिली खूण आईच्याच पोटावर दिसते: पोट दिवसांच्या मानाने मोठं, धाप लागते, झोपता येत नाही. बाळाने गिळलेलं पाणी पुढे जाऊन शोषलं जात नाही, म्हणून ते साचत जातं. चारही भागांतल्या पाण्याच्या मापांची बेरीज २४-२५ सेंटिमीटरच्या वर गेली किंवा सगळ्यात खोल खिसा ८ सेंटिमीटरहून जास्त भरला, तर पाणी वाढलंय असं धरतात.

हे का होतं? तिसऱ्या महिन्याच्या आत, साधारण ८ ते १० आठवड्यांच्या दरम्यान, ड्युओडेनमची नळी आतून पेशींनी भरून येते आणि नंतर पुन्हा पोकळ होते. हे पोकळ होणं अर्धवट राहिलं की आत पडदा राहतो, किंवा दोन टोकांमध्ये नुसती दोरी उरते, किंवा मधे जागाच सुटते. ग्रहणात भाजी चिरली, पपई खाल्ली, सातव्या महिन्यात जड उचललं, यांचा याच्याशी काहीही संबंध नाही. हे आम्ही आईला नाही, तर तिच्या सासूबाईंना समोर बसवून सांगतो. पाच ते दहा हजार जन्मांमागे साधारण एका बाळात हा दोष असतो.

निदान झालं की दोन तपासण्यांचं बोलणं टाळायचं नाही. पहिली बाळाच्या हृदयाची टूडी इको, कारण या बाळांमध्ये हृदयाचे दोष नेहमीपेक्षा बरेच जास्त आढळतात. दुसरी गुणसूत्रांची. ड्युओडेनम बंद असलेल्या बाळांपैकी सुमारे पाव ते एक तृतीयांश बाळांना डाउन सिंड्रोम असतो. आईच्या रक्तावरची एनआयपीटी ही चाळणी आहे, निदान नव्हे. पक्कं उत्तर गर्भजल काढूनच मिळतं. त्यासाठी पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या) कायद्याच्या फॉर्म 'जी'वर आईची संमती लागते, आणि रिपोर्टात मुलगा की मुलगी हे लिहिलं जात नाही. घाईचा रिपोर्ट दोन-तीन दिवसांत येतो, गुणसूत्रांच्या पूर्ण तपासणीला, म्हणजे कॅरिओटाइपला, दोनेक आठवडे जातात.

खरा पेच वेळेचा असतो. फुगा दिसतो तोवर २४ आठवडे उलटलेले असतात. २०२१ च्या दुरुस्तीनंतर एमटीपी (गर्भपाताच्या) कायद्यात २४ आठवड्यांपुढे गंभीर व्यंग असेल तर निर्णय मेडिकल बोर्डाकडे जातो. निर्णय कुटुंबाचा असतो, आमचं काम माहिती देण्याचं. पण ती माहिती देताना आम्ही एक वाक्य कधी गाळत नाही: फक्त ड्युओडेनम बंद, गुणसूत्रं आणि हृदय ठीक, अशा बाळाचं ऑपरेशन चांगल्या केंद्रात झालं तर शंभरातली नव्वदहून अधिक बाळं जगतात आणि नेहमीसारखी वाढतात. जी दगावतात ती बहुतेक हृदयाच्या दोषाने, खूप कमी दिवसांची असल्याने किंवा जंतुसंसर्गाने.

मग बाळंतपण कुठे करायचं ते ठरवायचं. केवळ या कारणासाठी सिझेरियन लागत नाही, पण जागा मात्र बदलावी लागते. एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) आणि बालशल्यचिकित्सक एकाच आवारात असलेलं रुग्णालय हवं. बऱ्याच जिल्हा रुग्णालयांत एसएनसीयू (आजारी नवजात बाळांचा विभाग) चांगलं चालतं, पण नवजात बाळाचं ऑपरेशन करणारा सर्जन तिथे असेलच असं नाही. मुंबईत परळला वाडियांचं प्रसूती रुग्णालय आणि मुलांचं रुग्णालय शेजारी-शेजारी आहेत; गोव्यात बांबोळीचं मेडिकल कॉलेज आहे. बाळ जन्मल्यावर ॲम्ब्युलन्समधून नेण्यापेक्षा आईच्या पोटातून नेलेलं कधीही चांगलं. जवळपास निम्मी बाळं दिवस पूर्ण होण्याआधीच येतात, कारण जास्तीच्या पाण्याने गर्भाशय ताणून कळा लवकर सुरू होतात. म्हणून ३२ आठवड्यांनंतर मोठ्या रुग्णालयाजवळच्या नातेवाइकांकडे मुक्काम हलवलेला बरा. ३४ आठवड्यांच्या आत कळा सुरू झाल्या तर बाळाच्या फुप्फुसांसाठी आईला स्टिरॉइडची इंजेक्शनं देतात. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी डेक्सामेथासोन, ६ मिलिग्रॅमचे चार डोस १२-१२ तासांनी. पाणी जास्त असताना पिशवी अचानक फुटली तर नाळ बाहेर सरकण्याचा धोका असतो. अशा वेळी चालत-बोलत रिक्षा शोधायची नाही. आडवं व्हायचं, कुशीवर, आणि १०८ किंवा १०२ ला फोन लावायचा. बाळंतपणानंतर आईला जास्त रक्तस्राव होण्याची शक्यताही असते, म्हणून रक्तगट आणि रक्ताची सोय आधीच बघून ठेवतात.

बाळ जन्मलं, रडलं. इथून पुढचा तास सगळ्यात महत्त्वाचा, आणि घरच्यांचा सगळ्यात जास्त त्रास इथेच होतो. या बाळाला तोंडाने काहीही द्यायचं नाही. मध नाही, सोनं उगाळून नाही, साखरपाणी नाही, घुटी नाही, आणि डॉक्टर सांगेपर्यंत आईचं दूधसुद्धा नाही. मध तसा कुठल्याच तान्ह्याला द्यायचा नसतो, पण इथे एक चमचासुद्धा उलटून श्वासनलिकेत जाऊ शकतो. आजी-आत्या कौतुकाने चाटवतात, वाईट हेतूने नाही, म्हणून हे बाळंतपणाआधीच घरात बोलून ठेवावं. प्रसूतीच्या खोलीबाहेर सांगायला गेलं की उशीर झालेला असतो.

तोंडातून किंवा नाकातून जठरात नळी घालतात, ८ किंवा १० नंबरची. इथे एक चूक वारंवार दिसते. दूध पाजायची ५-६ नंबरची बारीक नळी हाताशी असते म्हणून तीच घातली जाते. ती चिकट स्रावाने बुजते, नळी आहे म्हणून सगळे निर्धास्त राहतात आणि बाळ नळीच्या बाजूने उलटी करतं. दुसरी चूक म्हणजे प्रवासात नळीला बूच लावणं. नळीचं टोक उघडं हवं, पिशवी बाळाच्या पातळीच्या खाली हवी, आणि सिरिंजने मधून-मधून हलकेच ओढून बघायला हवं. निरोगी बाळाच्या जठरातून जन्मतः पाचेक मिलीच्या आत निघतं. इथे पहिल्याच ओढीला सिरिंज भरते: २०, ३०, कधी ५० मिली, आणि बहुतेकदा हिरवं. पित्ताची नळी अडथळ्याच्या वर उघडत असेल तर हिरवं येतं, बहुसंख्य बाळांत तसंच असतं. अडथळा त्याच्याही वर असेल तर पांढुरकं येतं, आणि आधी निदान झालेलं नसेल तर तेव्हा फसगत होते: उलटी हिरवी नाही म्हणून दोन दिवस 'दूध जास्त झालं असेल' यात जातात.

दोन गोष्टींवरून कुणी खात्री देऊ नये. बाळाने काळी शी केली म्हणजे आतडं उघडं आहे असं नाही. ड्युओडेनम बंद असलेली काही बाळंही शी करतात. आणि पोट फुगलं नाही म्हणजे अडथळा नाही असंही नाही. अडथळा इतका वर असतो की फुगलं तर फक्त वरचं पोट फुगतं, खालचं खपाटीला गेलेलं असतं.

एक्स-रेमध्ये दोन काळे फुगे आणि खाली सगळं पांढरं, हवेचा मागमूस नाही, असं दिसलं की निदान झालं. नळीने जठर आधीच रिकामं केलं असेल तर फुगे दिसत नाहीत. तेव्हा नळीतून थोडी हवा सोडून फोटो काढतात. बेरियम पाजण्याची गरज नसते. खाली थोडी हवा दिसली तर मात्र सगळ्यांची पावलं भराभर पडतात, कारण मग दोन शक्यता उरतात: पडद्याला भोक आहे, किंवा आतडं जागेवर नसून पिळलेलं आहे. पिळलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि ते काही तासांत मरतं. ती खरी रात्री-अपरात्रीची इमर्जन्सी.

बाकी वेळी ऑपरेशनची घाई नसते. "निदान झालंय, मग दोन दिवस थांबलात कशाला?" हे आम्हाला नेहमी विचारलं जातं. बाळ गरम ठेवायचं, ३६.५ ते ३७.५ अंश. साखर तपासायची. व्हिटॅमिन के १ मिलिग्रॅम मांडीत द्यायचं. १० टक्के डेक्स्ट्रोजचं सलाईन पहिल्या दिवशी किलोमागे ६० ते ८० मिली. पिशवीत जेवढं हिरवं पाणी जमतं तेवढंच, मिलीला मिली, पोटॅशियम घातलेलं नॉर्मल सलाईन वेगळं द्यायचं. हा हिशोब चुकला तर रक्तातलं क्लोराइड आणि पोटॅशियम उतरतं, बाळ मलूल पडतं, आणि भूल देणारे डॉक्टर योग्य कारणाने नकार देतात. इको, पोटाची सोनोग्राफी, गुदद्वार नीट आहे का, नळी जठरापर्यंत सरळ गेली का, मणका, हातांचे अंगठे, हे सगळं याच वेळात बघून होतं.

ऑपरेशन बेंबीच्या वर उजव्या बाजूला आडवा छेद घेऊन करतात, काही ठिकाणी दुर्बिणीने. जपानी सर्जन किमुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेली पद्धत आजही सगळीकडे वापरतात: वरच्या फुगलेल्या भागावर आडवी चीर, खालच्या बारीक भागावर उभी, आणि दोन्ही अशा शिवायच्या की तोंड शंकरपाळ्यासारखं उघडं राहील. आतडं बंद असलेली जागा कापून काढत नाहीत, तिला वळसा घालतात. स्वादुपिंडाचं कडं ड्युओडेनमभोवती असेल तर त्याला हात लावायचा नाही. कापलं तर रस गळत राहतो. पडदा असेल तर तो खालच्या बाजूला लोंबून फुगलेला असू शकतो, आणि बाहेरून अडथळा जिथे वाटतो त्याच्या वर तो खरा चिकटलेला असतो. म्हणून नळी आत सरकवून खात्री करतात, आणि पुढच्या आतड्यात सलाईन सोडून दुसरीकडे कुठे बंद नाही ना, तेही बघतात.

आणि मग थांबणं. या आजारात ऑपरेशनपेक्षा त्यानंतरचे दिवस घरच्यांना जड जातात. बाळ काचेत, हाताला लांब लाईन (शिरेत आतपर्यंत नेलेली बारीक नळी), नाकात नळी, आणि पिशवीत अजून हिरवंच पाणी. चौथ्या-पाचव्या दिवशी बाबा हळूच विचारतात, "ऑपरेशन फसलं का?" नाही. वरचा भाग महिनोन्महिने ताणून ढिला झालेला असतो, त्याला आकुंचन पावायला वेळ लागतो. आठवडा तर लागतोच, कधी दोन. आम्ही पिशवीचा रंग बघतो: गडद हिरवा, मग पोपटी, मग पिवळट, मग जवळजवळ पाण्यासारखा. मिलीचा आकडाही रोज उतरायला हवा. उतरता उतरता पुन्हा चढला आणि पोट फुगलं, तर जोड अरुंद झालाय का, जंतुसंसर्ग आहे का, ते शोधायचं.

तोवर पोषण शिरेतून, टीपीएन. काही सर्जन ऑपरेशनच्या वेळीच जोडाच्या पलीकडे बारीक नळी टाकून ठेवतात आणि तिच्यातून लवकर दूध सुरू करतात. लांब लाईन जितके दिवस राहील तितका संसर्गाचा धोका, म्हणून हात धुण्यावरून आमच्या सिस्टर कोणाचीही भीड ठेवत नाहीत.

आईने मात्र पहिल्या दिवसापासून दूध काढायला लागायचं, दिवसात आठ-दहा वेळा, रात्रीचंही. बाळ पीत नाही म्हणून काढलं नाही तर बाळ प्यायला तयार होतं तेव्हा दूध आटलेलं असतं. बाटलीवर नाव, तारीख, वेळ. आईचं कमी पडलं तर दुग्धपेढी आहे. आशियातली पहिली मुंबईत सायन रुग्णालयात १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली, आता इतरही शहरांत आहेत. सुरुवात किलोमागे दिवसाला १० ते २० मिलीने होते. अडीच किलोच्या बाळाला दर दोन तासांनी २ ते ४ मिली, एवढंच. पचलं तर रोज वाढवत किलोमागे १५० मिलीपर्यंत. तिथे पोहोचायला बहुतेकांना दोन-तीन आठवडे लागतात. डाउन सिंड्रोम असलेल्या बाळाची जीभ आणि ओठ ढिले असतात, ते लवकर दमतं. त्याला वाटी-चमच्याने किंवा पलाड्याने (चोच असलेल्या छोट्या वाटीने) धीराने पाजावं लागतं, थायरॉइड तपासावं लागतं, आणि घरी गेल्यावर जिल्ह्याच्या डीईआयसी केंद्रात (मुलांच्या वाढीतल्या अडचणींवर लवकर उपचार करणाऱ्या सरकारी केंद्रात) नाव नोंदवावं.

पैशाचं बोलायचं तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी बाळंतपणाआधीच करावी. बाळाचं आधार नसतं, आई-वडिलांचं रेशनकार्ड आणि बाळाचा जन्मदाखला यांवर काम पुढे सरकतं. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे या योजनेच्या मदतनिसाला, गाठा, ओळखीच्या माणसाला नको.

अंगावर पूर्ण दूध, वजन रोज २०-३० ग्रॅमने वाढतंय, टाका कोरडा, की घरी सोडतात. दूध वर येणं काही महिने चालतं, पांढरं असेल आणि वजन वाढत असेल तर घाबरू नका. वर्षांनंतरही काही मुलांचा वरचा भाग पुन्हा फुगतो. जेवण झाल्यावर लगेच पोट गच्च होतं, शिळ्या अन्नाची उलटी होते, वजन थांबतं. पोटात चिकटलेल्या आतड्यामुळे अडथळाही कधीही होऊ शकतो. त्यामुळे वय काहीही असो, हिरवी उलटी झाली की त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं, उद्या सकाळी नाही. सोबत डिस्चार्ज कार्ड न्या, ज्यावर ऑपरेशनचं नाव आणि आत काय सापडलं ते लिहिलेलं असतं. मूळ कार्ड घरी ठेवा, झेरॉक्स पर्समध्ये आणि फोटो दोघांच्याही मोबाइलमध्ये.